तिसऱ्या अर्थाचं कार्ड

२ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि अकरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून बसलेला घसा, एवढा लवाजमा घेऊन कोशगृहाच्या दारात उतरले, तर ताई पायरीवर उभीच. तिने असं काही कवटाळलं की बॅगेचा कोपरा माझ्या बरगडीत रुतला. वर रडलीही. मी म्हटलं, अगं नोकरीला आलेय, लढाईला नाही.

शाळा बंद पडल्यापासून आठ महिने घरात बसून मी भिंतींना व्याकरण शिकवत होते. अशात ताईचं पत्र आलं. कोशात जागा होतेय, तुझ्यासारखंच माणूस हवंय, लगेच ये. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई सोळाची. तेव्हापासून तिने ये म्हटलं की मी जाते. कुठे आणि कशाला, हे विचारायची सवयच लागली नाही.

जागा छान आहे. तळमजल्यावर बंद पडलेला छापखाना, मधल्या मजल्यावर कार्यालय, वर राहायच्या खोल्या. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे आणि पलंग कुरकुरतो, म्हणजे सोबतीची सोय झाली. माणसं मोजकीच. मुख्य संपादकांना सगळे नुसतं बाई म्हणतात. सत्तरीच्या असाव्यात. बोलतात इतकं हळू की समोरचा आपोआप पुढे वाकतो. एक टंकलेखक आहे, गोल चेहऱ्याचा, सतत काहीतरी चघळणारा. आणि ताई. एवढ्या जणांनी मिळून इंग्रजी-मराठी महाकोश चालवलाय. पूर्ण कधी होणार असं विचारलं, तर टंकलेखक म्हणाला, घाई कुणाला आहे?

४ नोव्हेंबर, बुधवार

ताई गेली.

दोन आठवडे थांबून काम शिकवणार होती. सकाळी अचानक म्हणाली, बटणला बरं नाही, वसतिगृहातून निरोप आलाय. बटण म्हणजे तिची लेक, माझी भाची. लहानपणी नाक अगदी शर्टाच्या बटणाएवढं होतं, म्हणून हे नाव. आता बावीस वर्षांची झाली तरी नाव चिकटलंय ते चिकटलंय. माझा तिच्यावर भलता जीव आहे, त्यामुळे मीच ताईला जा म्हटलं. अठराला परत येते म्हणाली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली.

काम तिने दीड दिवसात शिकवलं. इथली पद्धत अजब आहे. एका कार्डावर शब्दाचा एकच अर्थ आणि त्याचं एकच उदाहरण. उदाहरण मनाने रचायचं नाही. ते घडलेलं हवं, याच घरात, इथल्याच माणसाच्या बाबतीत, तारखेसकट. प्रत्येक कार्डावर दोन सह्या लागतात, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. कुठे खाडाखोड असेल तर तिच्या शेजारीही तपासणाऱ्याची सही. दोन सह्या झाल्या की कार्ड पक्कं. मग ते बाईंनाही बदलता येत नाही.

ताईकडे सहा वर्षं एकच शब्द होता, रिलीफ. आता तो माझा. मी तिला चिडवलं, की एवढा शब्द तर मी सातवीच्या वर्गात अर्ध्या तासात संपवला असता. ती हसली नाही.

निघताना तिने कार्डांचा गठ्ठा पुढे केला. चाळीसेक असतील. तुझी तपासणीची सही राहिलीय, एवढी करून टाक. गाडीवाला खाली हॉर्नवर हात दाबून बसला होता. ताई अंगठ्याने एकेक कार्ड सरकवत गेली आणि मी खालच्या कोपऱ्यात सही करत गेले. एका ठिकाणी म्हणाली, इथे मधेही कर, खोडलंय जरा. तिथेही केली. अकरा वर्षं मी पालकांना बजावत आले, की प्रगतिपुस्तक वाचल्याशिवाय सही करू नका. त्यांनी आज मला पाहायला हवं होतं.

७ नोव्हेंबर, शनिवार

घर अंगवळणी पडतंय. आज कार्डांची खोली नीट पाहिली. तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी खण आहेत, आणि चौथी भिंत मोकळी, चुन्याच्या गिलाव्याची. मोकळी म्हणजे तिच्यावर उठावाची शिल्पं आहेत. सात माणसं, पुऱ्या उंचीची, भिंतीतून अर्धीच बाहेर आलेली. प्रत्येकाचा उजवा तळहात समोर पसरलेला. काम असं आहे की बघत राहावं. एकाच्या नाकावर चष्म्याचा खळगा आहे, एका बाईचा अंगठा वाकडा आहे, एकाच्या कोपरावर ठिगळ आहे आणि ठिगळाचा टाका न् टाका दिसतो. कलाकार कोण म्हणून टंकलेखकाला विचारलं, तर म्हणाला, घरातच झालंय सगळं. सातव्या आकृतीनंतर खिडकीपर्यंत जागा रिकामी आहे.

दिवसभर रिलीफची व्युत्पत्ती वाचली. मूळ लॅटिन. अर्थ, पुन्हा वर उचलणे, हलकं करणे. दुखणं हलकं होतं, तो पहिला अर्थ. संकटातल्या माणसाचा भार कुणी उचलतं, ती मदत, हा दुसरा. सपाट दगडातून किंवा भिंतीतून आकृती वर उचलून काढतात, तो तिसरा. आणि पहाऱ्यावरच्या माणसाची पाळी संपते, त्याच्या जागी दुसरा येऊन त्याला मोकळं करतो, तो चौथा. एका मुळाची चार पोरं, चौघं चार दिशांना. मला शब्दांचं हे फार आवडतं. वर्गात सांगायला हवं होतं, असं वाटून उगीच जरा वाईट वाटलं.

चहाच्या वेळी टंकलेखकाने पार्सलच्या काट्यावर सगळ्यांची वजनं केली. माझं अठ्ठावन्न. त्याने ते एका वहीत लिहून ठेवलं. विनोद म्हणून असावं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

काल दाढ दुखली. दुखली म्हणजे काय, सकाळी सातला सुरू झाली ती दुपारपर्यंत कानातून डोक्यात. आयुष्यात माझा एकही दात किडलेला नाही. बाईंनी स्वतः लवंगेचं तेल आणून दिलं, चारच्या सुमाराला कळ थांबली आणि मी खरोखर रडले, इतकं हलकं वाटलं. बाई पलंगाशी बसून होत्या. मग म्हणाल्या, पहिल्या अर्थाला उदाहरण मिळालं, कार्डाचं मी बघते. माणूस कळवळतंय आणि यांना कार्डाचं पडलंय. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. नवी नोकरी आहे, छाप पाडायची हौस असते.

ताईला पत्र टाकलं. बटण कशी आहे ते विचारलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

काल भर दुपारी माझ्या खोलीतला नळाचा पाइप फुटला. गादी, कपडे, पुस्तकं, सगळं पाण्यात. टंकलेखक पाचव्या मिनिटाला दारात. हातात कोरडं पांघरूण, टॉवेल, पाव आणि गरम सूप. मी पांघरूण गुंडाळून सगळं सूप संपवलं. नंतर विचार करत बसले. सूप पाच मिनिटांत तापतं कसं?

आणि दुसरं. नव्या खोलीतला पलंगही जुनाच आहे, पण तो माझ्याखाली कुरकुरत नाही. काट्यावर उभी राहिले. एक्कावन्न. आठवड्यात सात किलो. टंकलेखकाने वही काढून लिहून घेतलं. म्हणाला, सगळ्यांचंच होतं सुरुवातीला.

ताईचं उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

अंघोळ करताना उजव्या हाताच्या बोटांवरून पांढरं काहीतरी सुटतं. आधी साबण वाटला. चुना आहे. तळहात कोरडा, थंड, आणि टाचणी टोचली तर लागत नाही.

बुधवारी ताई येईल. तिला दाखवते. लहानपणी मला कुठेही खरचटलं की तीच बघायची. माझ्या उजव्या भुवईवर व्रण आहे, पेटीचं झाकण पडून झालेला. ताईने मला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेलं होतं. आणि तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तो माझं दूध तापवताना झालेला. आम्ही दोघी म्हणायचो, हरवलो तर या खुणांवरून सापडू.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून पायरीवर बसले होते. चार गाड्या आल्या. ताई एकीतही नव्हती.

संध्याकाळी कार्यालयातून तिच्या घरी फोन लावला. तिनेच उचलला. मी म्हटलं, ताई, अगं अठरा तारीख आज. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी तिचा श्वास ओळखते, दहा वर्षं तिच्या कुशीत झोपलेय. मग मागून बटणचा आवाज आला, खणखणीत, आई कोण आहे गं? ताई म्हणाली, राँग नंबर. आणि फोन ठेवला.

बटण आजारी नव्हती.

टंकलेखकाने येऊन माझ्या हातातला रिसीव्हर हळूच काढून घेतला.

वजन त्रेचाळीस.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

रिलीफचा खण उघडला. ताईची पक्की झालेली कार्डं बघायची माझ्यावर वेळच आली नव्हती. येऊ दिली नव्हती, म्हणायला हवं.

बरीचशी कार्डं जुनी, व्युत्पत्तीची. मग पहिल्या अर्थाचं. ताईचं अक्षर. "नव्या मदतनीस बाईंची दाढ दुखायची थांबली. ९ नोव्हेंबर." दुसऱ्याचं. "खोलीत पाणी भरले, त्यांना कोरडे पांघरूण आणि सूप मिळाले. १२ नोव्हेंबर." चौथ्याचं. "धाकटी बहीण माझ्या जागी आली आणि मी मोकळी झाले. ४ नोव्हेंबर."

तिन्हींवर माझी सही. चार तारखेला केलेली.

म्हणजे दाढ दुखायच्या पाच दिवस आधी.

तिसऱ्याचं कार्ड बाईंच्या अक्षरात आहे. "कार्डांच्या खोलीतल्या भिंतीवर खिडकीशेजारी, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग असलेल्या बाईची उठावाकृती आहे. २६ नोव्हेंबर." यातले "डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग" हे शब्द खोडलेत. वर ताईच्या अक्षरात लिहिलंय, "उजव्या भुवईवर व्रण".

खोडलेल्याच्या शेजारी सही. माझीच. इथे मधेही कर, खोडलंय जरा.

अक्षर कुठे थरथरलेलं नाही. तेवढं तरी थरथरायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

बाईंपुढे कार्ड ठेवलं. त्यांनी शांतपणे चष्मा लावून वाचलं आणि दोन्ही सह्या आहेत म्हणाल्या. घडतं म्हणून लिहितो की लिहितो म्हणून घडतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तीस वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही, कारण विचारून काम पुढे सरकत नाही. आवाज चढला नाही, पापणी लवली नाही. वर माझ्या सहीचं वळण सुरेख आहे म्हणाल्या.

बॅग न घेता निघाले. फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर साधा वारा होता, लोक चालत होते, एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. मला पाऊल टेकवता येईना. वाऱ्याने उचलून फाटकावर आपटलं. टंकलेखकाने कोपराला धरून आत आणलं, एखादं रिकामं खोकं आणावं तसं.

कार्ड फाडलं. नंतर खण उघडला तर जागेवर, अख्खं.

टंकलेखक बोलला शेवटी. ताईने मला पत्र लिहिलं त्याआधी तीन दिवस ती जेवली नव्हती म्हणे. खूप रडली म्हणे. मी विचारलं, चौथ्या दिवशी? चौथ्या दिवशी जेवली, म्हणाला.

मग त्याने इकडेतिकडे बघून सांगितलं, की पक्क्या कार्डातही ज्याची खूण आहे त्याला ती एकदा खोडता येते, म्हणजे तुम्हालाही. आपलं माणूस बोलवायचं, न वाचता सही करेल इतकं जवळचं. परकं चालत नाही. तुमचं असं कोण आहे?

मी त्याला चालता हो म्हटलं. पण उत्तर माझ्या मनात लगेच आलं होतं. हेच वाईट आहे.

२३ नोव्हेंबर, सोमवार

बटणचं पत्र, वसतिगृहातून. मावशी, आई म्हणते तुला कामात व्यत्यय नकोय, भेटायला येऊ नका असं तूच कळवलंयस. मला नाही पटलं. तू आणि मला येऊ नको म्हणशील? आईला न सांगता निघतेय, वाटेत मैत्रिणीकडे दोन दिवस थांबून गुरुवारी सकाळी पोचते. तुझ्या त्या प्रसिद्ध कोशात माझ्यासाठीही एखादं काम बघून ठेव.

गुरुवार म्हणजे सव्वीस.

वसतिगृहात फोन लावला. गेली म्हणाले. मैत्रीण कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. शिवाय माझा आवाज त्यांना नीट ऐकू येत नव्हता. मोठ्याने बोला म्हणत होते. मी ओरडत होते.

एकोणतीस.

२४ नोव्हेंबर

उजवा हात कोपरापर्यंत गेला. डाव्याने लिहितेय.

खिडकीशेजारी गिलावा फुगलाय. पाच बोटांएवढा.

ताईला कुणाला वाचवायचं होतं, ते कळतं. बटण किंवा मी. भिंतीसाठी तिने मला निवडलं. आईने लेकीला वाचवलं तर तिला कोण दोष देईल? पण आधी ती स्वतः सुटली. लेक तर मुळात त्या कार्डावर नव्हतीच. कार्डावर ती स्वतः होती. माझं दूध तापवतानाचा डाग खोडून तिने माझा व्रण लिहिला.

ताई, मला विचारलं असतंस तर? मी कदाचित हो म्हटलं असतं. तुला ठाऊक होतं मी हो म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाहीस का?

२५ नोव्हेंबर

कसं लिहू —

मी केलं. दुपारी. भीती वाटली म्हणून. भिंतीतून माझं नाक बाहेर येताना पाहिलं, म्हणून. "उजव्या भुवईवर व्रण" खोडलं. वर लिहिलं, "हनुवटीवर तीळ".

बटणच्या हनुवटीवर तीळ आहे. लहानपणी मी तिथे पापी घ्यायची.

ताईचा सूडही उगवेल असं वाटलं. तेही लिहून ठेवते. तेही खरं आहे. तुझीच लेक, ताई, तुझ्याच खणात.

एका तासाने शुद्धीवर आले. खोडलेलं पुन्हा खोडायला गेले. तर दुसऱ्यांदा खोडायला आधी दुसऱ्याची सही लागते. तशी शाई धरत नाही — पुसली जाते — फक्त तीळ राहतो —

टंकलेखक कार्ड खाली घेऊन गेला. दाराशी टेबलावर ठेवतो म्हणाला. पाहुणीला सोयीचं.

न वाचता सही केली तरच लागू होतं. वाचलं तर ती कशाला करेल. वाचायला हवं. एवढंच.

२६, सकाळ

पाठ भिंतीला. सुटत नाही. पाय टेकत नाहीत. वही गुडघ्यावर. दुखत नाही काही. हलकं —

खाली गाडी.

तिचा आवाज. हसतेय. टंकलेखक म्हणतोय, मावशी वर आहेत, आत जायच्या आधी एवढी एक सही. ती म्हणते, मावशीचं आहे ना? मग आणा.

माझ्यासारखीच. ताईसारखी नाही, माझ्यासारखी.

ओरडते — तोंड हलत नाही — ओठांवर गिलावा —

हे पान फाडून शेजारच्या खिडकीतून खाली टाकते. डावा हात अजून — तिच्या पायाशी पडेल — पोरी, ते माझ्या अक्षरात आहे, मी लिहिलंय, मावशीनेच. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. सही करू नकोस. आधी वाच. बटण, आधी वा